ठासणीच्या रायफलींतील वाटोळी गोळी आणि तिचा सांचा

परभणी जिल्ह्यांतील देवगांव फाटा हें नांव रस्त्यानें दिलेलें आहे. हमरस्त्यास जेथें दुसरी वाट फुटते तो फाटा. परंतु ज्या मुलखांत हा फाटा आहे तो मुलूख जुना आहे. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यांत होता. पूर्वेकडील हिंगोली येथें १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. उत्तरेस वऱ्हाड आणि त्याच्या पलीकडे सातपुड्याचें अरण्य. अशा टापूंतील जुन्या वाड्यांत दप्तरांच्या शोधास गेलेल्या संग्राहकास रुमालांच्या बाजूला अडकित्त्यासारखी एखादी लोखंडी वस्तु दिसल्यास ती भंगार समजून त्यानें टाकून देऊं नये. तिच्या दोन पात्यांत समोरासमोर वाटोळे खळगे असतील, तर तो गोळ्या ओतण्याचा सांचा होय. बंदुकीची नळी कोणत्या गोळीकरितां व कोणत्या शिकारीकरितां घडविली, हें पुष्कळदां बंदुकीपेक्षां हा सांचाच अधिक स्पष्ट सांगतो. तें कसें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम मापांविषयीं. ‘बारा बोर’ हा शब्द सर्वांच्या तोंडीं आहे, पण त्याचा मूळ अर्थ थोड्यांस ठाऊक असतो. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा वाटोळ्या गोळ्या केल्या असतां त्यांतील एक गोळी ज्या नळींत बरोबर बसेल ती नळी बारा बोरची. म्हणून आंकडा जितका लहान तितकी गोळी मोठी. इंग्रजी तोळा १८० ग्रेनांचा धरल्यास बारा बोरची गोळी सुमारें सव्वातीन तोळे, चौदा बोरची पावणेतीन तोळ्यांहून किंचित् अधिक, आणि चार बोरची जवळजवळ पावणेदहा तोळे भरते. आईन-इ-अकबरींत मोठ्या बंदुकीची गोळी जास्तींत जास्त २५ टांक सांगितली असून, तेवढ्या वजनाची गोळी बादशहाखेरीज कोणी उडविण्यास धजत नसे असेंही म्हटलें आहे. टांक चार माशांचा व मासा इंग्रजी तोळ्याचा बारावा हिस्सा धरल्यास ही गोळी सव्वाआठ तोळ्यांहून अधिक होते. म्हणजे एकोणिसाव्या शतकांतील हत्तीच्या बंदुकांच्या पंक्तींत ती बसते. मात्र शेर, तोळा व टांक यांचीं मानें प्रांतोप्रांतीं आणि काळाप्रमाणें बदलत असल्यामुळें, कागदांतील वजनावरून नळीचें माप काढतांना त्या ठिकाणचें मान आधीं निश्चित केलें पाहिजे.

मोठ्या जनावरास मोठी गोळी कां लागे? वाटोळ्या गोळीचा व्यास दुप्पट केला कीं वजन आठपट होतें, पण हवेस किंवा मांसास भिडणारें तिचें तोंड चौपटच वाढतें. चार बोरची गोळी बत्तीस बोरच्या गोळीच्या नेमकी दुप्पट व्यासाची व आठपट वजनाची असते. म्हणून लहान गोळी लवकर मंदावते, आणि मोठी गोळी गव्याच्या जाड चामड्यांतून व खांद्याच्या हाडांतून आंत शिरते. काळ्या दारूच्या युगांत गोळीचा वेग फार वाढविणें शक्य नव्हतें. तेव्हां जोर वाढविण्याचा मुख्य मार्ग म्हणजे वजन वाढविणें हाच होता. हत्तीसारख्या जनावराकरितां शिशांत कथील किंवा पारा मिसळून गोळी कठीण करीत, म्हणजे ती हाडावर चपटी होत नसे.

नळीच्या आंतून आंटेदार खांचा पाडल्या म्हणजे गोळी स्वतःभोंवतीं फिरते व नेम सुधारतो. परंतु वाटोळ्या गोळीच्या बाबतींत येथेंच अडचण उभी राहिली. खांचांचा वेढा जलद ठेवून दारू अधिक घातली, तर मऊ शिसें खांचांची पकड सोडून सरळ निसटतें आणि नेम बिघडतो. यावर एक उपाय म्हणजे गोळीभोंवतीं पट्टा ओतून तो दोन खांचांत बसविणें. इंग्रजी सैन्यानें १८३७ मध्यें स्वीकारलेली ब्रन्सविक रायफल याच जातीची होती. तिच्या ३० इंच नळींत गोळी एक पूर्ण वेढा घेई. सॅम्युअल बेकर यानें १८४० मध्यें ब्रिस्टलच्या गिब्स यांजकडून दोन खांचांची २१ पौंड वजनाची जी रायफल करवून घेतली, तिची पट्ट्याची गोळी तीन औंसांची, म्हणजे सवासात तोळ्यांहून अधिक, होती.

दुसरा उपाय मध्यप्रांतांतून आला. जेम्स फॉरसिथ हा बंगाल स्टाफ कोअरचा अधिकारी १८६२ पासून सातपुड्याच्या जंगलांत कामास होता. १८६३ मध्यें त्यानें शिकारीची रायफल व तिच्या गोळ्या यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: जंगलांत बार बहुधा शंभर वारांच्या आंत टाकावा लागतो आणि तेवढ्या अंतराचाही अंदाज डोळ्यानें चुकतो; म्हणून गोळी शक्य तितकी सपाट गेली पाहिजे. लांबट गोळी त्याच नळींत अधिक जड होते, दारू तिला बेताचीच घालतां येते, आणि तिचा मार्ग कमानीसारखा वांकतो. वाटोळी गोळी हलकी असल्यामुळें तिला भरपूर दारू देतां येते. मात्र खांचा उथळ व वेढा अगदीं मंद पाहिजे. त्याच्या चौदा बोरच्या रायफलीचा वेढा १०४ इंचांस एक असा होता. २६ इंच नळींत गोळीनें पाव वेढा घेतला म्हणजे पुरे. हा फॉरसिथ आणि १८०७ मध्यें ठोक्यानें पेटणाऱ्या दारूच्या चापाचें पेटंट घेणारा स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉरसिथ हे दोघे भिन्न पुरुष आहेत. ‘फॉरसिथ पद्धत’ एवढेंच लिहिलेलें आढळल्यास ती चापाची कीं खांचांची, हें संदर्भावरून ठरवावें.

पुढें ‘एक्सप्रेस’ रायफलींनीं हलकी, अग्राशीं पोकळ अशी लांबट गोळी पुष्कळ दारूनें उडविण्यास आरंभ केला. हरणास ती उत्तम. परंतु गव्यासारख्या जनावरावर ती चामड्याजवळच फुटून जाई. जखमी जनावराच्या मागावर जाणारा वाटाड्या गांवचाच असे, आणि गोळीच्या अपुरेपणाचा धोका त्यालाही भोगावा लागे. १८९८ मध्यें रिग्बी यांची बिनधुराच्या दारूची .४५० रायफल आली आणि हा वाद मिटूं लागला. येथें आंकड्यांचा हिशेबच बदलतो हें ध्यानांत ठेवावें: १२ ही पौंडांतील गोळ्यांची संख्या, तर .४५० हें इंचांतील माप.

आतां सांच्याकडे वळूं. गुळगुळीत वाटोळा खळगा, व तो नळीपेक्षां किंचित् लहान, असल्यास गोळी मेणचट कापडाच्या चकतींत गुंडाळून ठासली जात होती असें समजावें. खळग्याभोंवतीं पट्ट्याची खूण असल्यास नळींत दोन खोल खांचा शोधाव्या. बुडाशीं पोकळ अशी लांबट गोळी निघत असल्यास ती १८४९ च्या मिनिए पद्धतीच्या वंशांतील होय. वेढा मोजण्यास गजाला घट्ट चिंधी बांधून तो नळींतून हलकेंच ओढावा. इतक्या इंचांत गज किती फिरला हें पाहिलें कीं झालें. नळी रिकामी असल्याची खात्री मात्र आधीं जाणत्या माणसाकडून करून घ्यावी, कारण भरून ठेवलेला बार वर्षानुवर्षें तसाच राहिलेला असूं शकतो. सांचा आणि वेढा जुळले तर जोडी मूळची असण्याचा संभव मोठा. न जुळल्यास त्यांतील एक वस्तु दुसरीकडची आहे.

जुन्या गोळीवर पांढरी भुकटी धरलेली असल्यास ती चिंचेनें किंवा लिंबानें घांसूं नये. ती शिशाचीच असून विषारी असते. लांकडाच्या बंद पेटींतील आम्ल वाफेनें ती वाढते. अशा रायफलींतून बार काढून पाहण्याचा मोह तर सर्वथा टाळावा. जुनी नळी नव्या दारूनें फुटते. शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी केली आहे. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यांतील पुराणवस्तूंची सवलत दुरुस्तीनेंही न उडणाऱ्या हत्यारासच आहे, केवळ जुनेपणास नाहीं.

तात्पर्य, बंदूक, सांचा, दारूचें माप आणि कागद हीं एकाच घरांत सांपडल्यास त्यांची ताटातूट करूं नये. बंदूक दिवाणखान्यांत, सांचा भंगारांत आणि कागद दुसऱ्याच संग्रहांत गेला, म्हणजे तिन्ही मुके होतात. एकत्र राहिल्यास गोळीचें वजन कागदांतील तोळ्याशीं ताडून पाहतां येतें, आणि त्यावरून त्या गांवीं कोणतें मान चालत होतें हेंही कधीं कधीं उलगडूं शकेल.