पेटी, पेंढा आणि जुना कॉम्प्युटर

रत्नागिरीत पॅकिंग कोणाला शिकवायला नको. एप्रिल उजाडला की पेट्या, पेंढा, सुतळी, पट्ट्या हीच भाषा घरोघर चालू असते, आणि इथला हापूस वाशीच्या बाजारात डाग न पडता पोचतो. पण माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर पुण्याच्या किंवा बंगळूरच्या एखाद्या हौशी माणसाला पाठवायचा म्हटलं, की तेच हात चुकतात. पलीकडे खोकं उघडतं तेव्हा आत काचेचा चुरा, तडकलेलं प्लास्टिक आणि सुटून फिरणारा ट्रान्सफॉर्मर निघतो.

अशी यंत्रं अजून बरीच शिल्लक आहेत. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि देशातल्या सुमारे २५० शाळांत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो ठेवले. त्याच दशकात सिंक्लेअर स्पेक्ट्रमचा भारतीय अवतार 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' घरांत आला. मागोमाग पीसी-एक्सटीच्या देशी नकला बँकांत, कॉलेजांत आणि टायपिंगच्या क्लासांत शिरल्या. ही यंत्रं आता चाळिशीला टेकली आहेत. भंगारवाला त्यांचे पैसे किलोवर देतो, संग्राहक मात्र चालू यंत्राला चांगली किंमत मोजतात. मग ती पार्सलने निघतात.

फुटलं की पहिला शब्द ठरलेला: "कुरियरवाल्याने आपटलं." आपटलं असणारच. रत्नागिरीहून पुण्याला निघालेलं खोकं इथल्या ऑफिसात, गाडीत, मोठ्या गोदामात, पुन्हा गाडीत आणि शेवटी डिलिव्हरीच्या पोऱ्याच्या हातात असं अनेकदा चढतं-उतरतं. कमरेच्या उंचीवरून एकदा तरी पडणं हा त्या प्रवासाचा नेहमीचा भाग आहे, अपघात नव्हे. पॅकिंग करायचं ते हे गृहीत धरूनच. खोकं पडल्यावर जे होतं ते आत होतं, आणि बहुतेक वेळा कॉम्प्युटरला त्याचंच वजन मारतं.

हिशेब सोपा आहे. वस्तू जितक्या उंचीवरून पडली, त्याला ती थांबताना जितकं अंतर सरकली त्याने भागा. येणारा आकडा म्हणजे थांबताना तिच्यावर तिच्या वजनाच्या साधारण किती पट जोर येतो ते. ७५ सेंटिमीटरवरून पडलेला मॉनिटर अर्ध्या सेंटिमीटरच्या बबल रॅपवर थांबला तर दीडशे पट. दहा किलोच्या मॉनिटरला हे दीड टन झाले. तोच मॉनिटर पाच सेंटिमीटर जाड फोमवर पडला आणि फोम अडीच सेंटिमीटर दबला, तर तीस पट, म्हणजे तीनशे किलो. हे सरासरीचे आकडे, क्षणभराचा कमाल जोर याहूनही जास्त. खोकं, टेप, सुतळी यांतलं काहीच या भागाकारात येत नाही. येतं ते फक्त थांबायचं अंतर.

म्हणूनच आंब्याची लाकडी पेटी कॉम्प्युटरला उत्तम, हा आपल्याकडचा लाडका समज अर्धाच खरा आहे. पेटी वरून येणारा दाब पेलते. तिच्यावर दहा पेट्या रचल्या तरी आतलं फळ चेपत नाही. पण धक्का ती जराही कमी करत नाही, उलट लाकूड दबत नसल्यामुळे तो जसाच्या तसा आत पोचवते. आंबा वाचतो तो पेंढ्यामुळे: फळ लाकडाला टेकत नाही आणि जागचं हलत नाही. या दोन गोष्टी पेटी भरणाऱ्या कोणाही बाईला ठाऊक असतात. फरक एवढाच की डझनभर आंबे वजनाला सारखे असतात, तर कॉम्प्युटरचं वजन सारखं पसरलेलं नसतं. ट्रान्सफॉर्मर एकीकडे, काच एकीकडे, उरलेला डबा पोकळ. असा डबा जड कोपऱ्यावर पडला, की सगळा जोर तिथेच बसतो.

पेंढा कॉम्प्युटरला वापरू नये हे मात्र सांगायला हवं. त्यात ओल असते, भुसा असतो, किडे असतात, आणि फ्लॉपी ड्राइव्हच्या फटीत गेलेली कुसळं काढता काढता नाकी नऊ येतात. यंत्र परदेशी पाठवायचं असेल तर पेंढा आणि कच्चं लाकूड दोन्ही अडचणीचे ठरतात. लाकडी पॅकिंग ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवून किंवा अन्य मान्य पद्धतीने निर्जंतुक करून त्यावर आंतरराष्ट्रीय शिक्का असावा लागतो, नाहीतर तिकडच्या बंदरात माल अडकतो.

"मग भरपूर थर्मोकोलचे तुकडे आणि वर्तमानपत्राचे बोळे घातले की झालं." हलक्या वस्तूला चालतं. जड वस्तू मात्र प्रवासातल्या हादऱ्यांनी त्या तुकड्यांतून हळूहळू खाली उतरते. आंबा घाटाची वळणं संपेपर्यंत मॉनिटर खोक्याच्या तळाला टेकलेला असतो आणि सगळे बोळे त्याच्या डोक्यावर. थर्मोकोलच्या अखंड पाट्या बऱ्या, पण थर्मोकोल एक मोठा धक्का खातो, तडकतो आणि दुसऱ्याच्या वेळी नुसता नावाला असतो. पांढरा, लवचिक पॉलिएथिलीन फोम दबून पुन्हा वर येतो. तो पाच सेंटिमीटर जाडीचा, सहाही बाजूंना. मऊ म्हणजे चांगला असंही नाही. गादीचा मऊ स्पंज जड मॉनिटरखाली पहिल्याच क्षणी पूर्ण चेपतो, आणि पुढचा धक्का जणू फरशीवरच बसतो. उलट हलक्या कीबोर्डखाली कडक फोम दबतच नाही. वजन बघून फोम निवडावा लागतो.

'नाजूक, काच, जपून' असं लाल अक्षरांत लिहिण्याला कोणाची हरकत नाही. मोठ्या गोदामात पट्ट्यावरून जाणारं खोकं बारकोडवर निवडलं जातं, आणि बारकोड वाचणाऱ्या यंत्राला मराठी येत नाही, इंग्रजीही नाही. बाण वरच्या बाजूला काढला तरी खोकं आडवं प्रवास करेल असंच धरून चला.

"पूर्वीचा माल दणकट असायचा हो." पत्र्याचा डबा, हो. प्लास्टिक, नाही. त्या काळातली कवचं बहुधा एबीएस प्लास्टिकची. ऊन आणि वर्षं यांनी ते पिवळं पडतं आणि ठिसूळही होतं. कारखान्यातून निघताना जो कोपरा वाकून सरळ झाला असता, तो आज बिस्किटासारखा तुटतो. काही मंडळी विकण्यापूर्वी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून कवच पुन्हा पांढरं करतात. रंग परत येतो, ताकद नाही. उलट चकाचक दिसणाऱ्या डब्यावर घेणारा आणि देणारा दोघेही जास्त विसंबतात. खोक्यात यंत्राचा भार कवचाच्या कडांवर किंवा आतल्या बारीक प्लास्टिकच्या खांबांवर येता कामा नये, सपाट आणि भक्कम भागावर यायला हवा.

सगळ्यात जास्त गैरसमज काचेच्या मॉनिटरबद्दल. लोकांना वाटतं तो बाँबसारखा फुटेल. चौदा इंची पिक्चर ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते आणि नुसत्या पडद्यावर बाहेरच्या हवेचा दाब अर्ध्या टनाहून जास्त असतो, हे खरं. पण त्यासाठीच पुढची काच जाड असते आणि तिच्या कडेने लोखंडी पट्टा आवळलेला असतो. प्रवासात समोरची काच क्वचितच फुटते. मोडते ती मागची मान: ट्यूबच्या शेपटाकडची अंगठ्याएवढी बारीक नळी, जिच्यावर तांब्याच्या तारांचं वेटोळं आणि एक छोटा बोर्ड अडकवलेला असतो. धक्क्याने तो बोर्ड डुलतो, मान तडकते, हवा आत जाते आणि ट्यूब संपते. बाहेरून मॉनिटर नव्यासारखा दिसतो. म्हणून मॉनिटर पडदा खाली करून, पाच सेंटिमीटर सपाट फोमवर बसवलेला बरा. जड काच खाली राहते आणि मान वर मोकळी. कवचाच्या मागच्या टोकाला मात्र कशाचाही दाब नको. बोर्ड काढून ठेवावा असं कोणी सुचवलं तर ते काम जाणत्याकडेच द्या, कारण ट्यूबमध्ये वीज बंद केल्यावरही काही काळ जबर विद्युतभार साठलेला असतो. १९८४ च्या मॅकिन्टॉशसारख्या यंत्रांत ट्यूब आणि कॉम्प्युटर एकाच कवचात असतात. तिथे ही काळजी दुप्पट.

आतल्या भागांचं काय, हे बरेचजण विचारातच घेत नाहीत. बाहेरून उत्तम बांधलेल्या डब्यात एखादं लांब कार्ड स्क्रूशिवाय उभं असेल, तर तेच सुटून मदरबोर्ड खरवडतं. कार्डं काढा, वेगळी गुंडाळा. साध्या बबल रॅपने स्थिर वीज तयार होते. कार्डांसाठी मिळणारी गुलाबी पिशवी ती फारशी तयार होऊ देत नाही, बाहेरून येणाऱ्या झटक्यापासून मात्र चंदेरी पिशवीच वाचवते. एक्सटीच्या काळातल्या सीगेट एसटी-२२५ सारख्या २० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये वीज गेली की वाचणारी टोकं होती तिथेच, म्हणजे माहितीवरच, बसत. ती सुरक्षित जागी नेण्यासाठी पाठवण्यापूर्वी 'पार्क' करण्याचा आदेश द्यावा लागे, आणि आजही द्यावा लागतो. नंतरच्या डिस्क आपोआप पार्क होतात, त्यामुळे ही सवय विस्मरणात गेली. सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून खटका बंद करा, म्हणजे दोन टोकं एकमेकांवर आपटत नाहीत. मदरबोर्डावर पिंपासारखी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर ती काढूनच पाठवा. तिचं गळणं रस्त्यावर अवलंबून नसतं, पण खोक्यात आडवी झाली की तिच्यातून गळलेले क्षार आणखी पसरतात.

मूळ खोकं जपून ठेवलेलं असेल तर निश्चिंत राहावं असं वाटतं. कारखान्याचं खोकं बहुतेकदा डझनांनी एकत्र बांधून पाठवण्यासाठी केलेलं असतं, एकट्याने ठोकरा खात जाण्यासाठी नव्हे. शिवाय नालीदार पुठ्ठा दमट हवेत निम्म्याहून जास्त ताकद गमावू शकतो, आणि रत्नागिरीच्या माळ्यावर त्याने तीसेक पावसाळे काढलेले असतात. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मूळ खोक्याला स्वतःची किंमत आहे, तेव्हा ते आत ठेवा, बाहेरून नवं पाचपदरी खोकं घ्या आणि दोन्हींमध्ये फोम. जुलैत पाठवायचंच असेल तर यंत्र प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करण्याआधी एक दिवस कोरड्या खोलीत ठेवा आणि सिलिका जेल टाका. ओल्या हवेत बंद केलेली पिशवी पाऊस बाहेर ठेवते आणि दमटपणा आत.

विम्याचा आधार किती? मालवाहतुकीच्या प्रचलित विमा-अटींत अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. कोकण रेल्वेने पार्सल पाठवलंत तर १९८९ च्या रेल्वे कायद्यातही सदोष पॅकिंगचा मुद्दा वेगळा काढलेला आहे, आणि किंमत आधी जाहीर केली नसेल तर भरपाईला मर्यादा असते. खोकं बंद करण्यापूर्वी प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवा. वाद झाला तर तोच उपयोगी पडतो.

घेणाऱ्यानेही पोचल्या पोचल्या प्लग लावण्याची घाई करू नये. आधी डबा उघडून सुटलेला स्क्रू कुठे पडला आहे का ते पाहावं, कारण तो बोर्डावर असेल तर बटण दाबताच शॉर्ट होतो. सॉकेटमधल्या चिप्स तापण्या-निवण्याने आणि हादऱ्यांनी हळूहळू वर येतात, त्या एकेक करून बोटाने दाबून बसवाव्यात. यंत्र गार खोलीतून आलं असेल किंवा रात्रभर पावसात फिरलं असेल, तर आतली ओल उडून जाईपर्यंत, निदान एक दिवस, त्याला तसंच उघडं ठेवावं.