रुपयाचा पत्ता 8377

‘भाऊ, भावाच्या आधी हे काय तिरपं आलं? रुपया कुठी गेला?’ कापसाचा सीझन लागला की दरपत्रक घेऊन आलेला एखादा तरी हे विचारतोच. माझं अकोटात डीटीपीचं दुकान. गिऱ्हाईक मागच्याच फाइलमध्ये आकडे बदलून आणतं, आणि मूळ फाइल असते 2010 च्या सुमाराची.

त्या वर्षी 15 जुलैला केंद्र सरकारनं डी. उदयकुमार यांनी काढलेलं ₹ हे चिन्ह स्वीकारलं. लोकांना ते लगेच हवं होतं, पण संगणकात त्याला जागाच नव्हती. मंगळूरच्या फोरेडियन कंपनीनं तेवढ्यात एक फॉन्ट काढला. की-बोर्डवर 1 च्या डावीकडची तिरपी खूण दाबली की रुपया उमटायचा. युक्ती झकास! पण फाइलीत साठायची ती खूणच, रुपयाचा नुसता मुखवटा. फॉन्ट नसलेल्या मशीनवर मुखवटा गळतो. आमचे जुने मराठी फॉन्टही याच जातीचे. लग्नपत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते, ती त्यापायी.

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला कायमचा क्रमांक असतो, आणि क्रमांकांच्या सलग पट्ट्याला ब्लॉक म्हणतात. देवनागरीचा ब्लॉक 2304 ते 2431. आपला ळ 2355 वर. ॲ मात्र 2008 मध्ये आला, 2418 वर. चलनांचा ब्लॉक 8352 पासून सुरू होतो. ऑक्टोबर 2010 मध्ये ₹ तिथं 8377 वर बसला.

वेबपानाच्या कोडमध्ये तो &#8377; असा लिहिता येतो. शेवटचा अर्धविराम गाळला तर काय होतं पाहा. 2024-25 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ₹7,521. अर्धविरामाशिवाय ते झालं &#83777,521. ब्राउझर 7 सुद्धा क्रमांकातच ओढतो आणि 83777 शोधतो. त्या क्रमांकावर अजून कोणतंच चिन्ह नाही. पडद्यावर येतो रिकामा चौकोन आणि पुढं ,521. साडेसात हजारांचा कापूस पाचशेवर! हमीभाव असा पडलेला पाहून शेतकरी दुकानात चढून आला तर त्याचं काय चुकलं?

9600 ते 9631 हा ब्लॉक निव्वळ ठोकळ्यांचा. दरपत्रकात चित्र न जोडता कापसाची आवक दाखवायला मला तो फार आवडतो. एक ठोकळा म्हणजे शंभर क्विंटल धरला, तर:

██████░░ 600 सोमवार
███░░░░░ 300 मंगळवार

वाराचं नाव मी मुद्दाम शेवटी टाकतो. देवनागरी अक्षरांची रुंदी कमीजास्त, नाव आधी घेतलं की पट्ट्या एका रेषेत सुरू होत नाहीत. आणि आकडा हवाच. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबलेल्या अंध माणसाला नुसत्या ठोकळ्यांतून आवक कळायची नाही. बाजार समितीच्या फळ्यावर खडूनं लिहायचे तेव्हाही कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचंच की.