अळवावरचे पाणी आणि स्पर्शकोनाचा हिशेब

मराठीत 'अळवावरचे पाणी' म्हटले की क्षणभंगुरता डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु ते पाणी त्या पानावर का ठरत नाही असा प्रश्न केला, तर 'पान तुळतुळीत असते म्हणून' हे जे उत्तर हटकून मिळते, ते वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. पानावर मेणाचा पातळ थर असतो आणि मेणाला पाण्याचे वावडे असते, इतपत खरे. पण तशाच मेणाचा सपाट, घोटीव थर करून त्यावर थेंब ठेवला, तर थेंबाची कड पृष्ठभागाशी सुमारे ११० अंशांचाच कोन करते, आणि फ्लोरिनयुक्त रसायनांचे लेपसुद्धा, ते गुळगुळीत असतील तर, हा कोन १२० अंशांच्या फारसे पुढे नेऊ शकत नाहीत. अळवाच्या पानावर तो १५० अंशांच्याही पलीकडे जातो, याचे कारण पानाचा खडबडीतपणा. पेशींचे सूक्ष्म उंचवटे व त्यांवर दाटीने उभे असलेले मेणाचे बारीक कण यांच्या फटींत हवा कोंडून राहते, आणि थेंब पानावर कमी व हवेवरच अधिक टेकलेला असतो. सकाळच्या उन्हात पान किंचित तिरपे धरून पाहिले, तर थेंबाच्या तळाशी पाऱ्यासारखी जी चकाकी दिसते, ती या कोंडलेल्या हवेचीच होय. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ साली या अवस्थेचे गणित मांडले. पुढे १९९७ साली बार्टलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी कमळाबरोबर अळवाचीही पाने तपासून तिची रुजुवात केली.

यावरून खडबडीत ते सारे पाणी झटकणारे, असा समज कोणी करून घेईल, तर तोही टिकणारा नाही. मुळातच पाण्याला आपलेसे करणारा पृष्ठभाग खरबरीत केला असता तो अधिकच भिजतो, हे वेन्झेल याने १९३६ मध्येच दाखवून दिले होते. खडबडीतपणा स्वभाव पालटीत नाही. असलेल्या स्वभावाला जोर देतो.

हा स्वभाव तरी कोणाचा? 'पारा कशालाही भिजवीत नाही' असे आपण शाळेत शिकलेले असतो, आणि काचेवर त्याचा कोन सुमारे १४० अंश भरतो हे खरेच आहे. पण तोच पारा सोन्याच्या अंगठीला लागताच तिच्या अंगी भिनू लागतो. भिजणे हा एकट्या द्रवाचा गुण नव्हे, एकट्या घनाचाही नव्हे. द्रव, घन आणि भोवतालची हवा या तिघांच्या सरहद्दी जेथे एकत्र येतात, तेथे त्यांच्या ओढींत होणारा तो फैसला आहे. लंडनचा वैद्य टॉमस यंग याने १८०५ साली हा सिद्धान्त चिन्हांचे एकही समीकरण न लिहिता, केवळ शब्दांत मांडला, आणि त्या फैसल्याचे माप म्हणून द्रवाच्या बाजूने मोजावयाचा जो कोन त्याने मुक्रर केला, तो स्पर्शकोन आजही कायम आहे. शून्य अंश म्हणजे द्रव पूर्ण पसरला; नव्वदाच्या आत तो भिजवतो, नव्वदाच्या पुढे अंग चोरतो.

मोजणीची रीत दिसावयास सोपी आहे: पिचकारीच्या सुईने काही मायक्रोलिटरांचा थेंब ठेवायचा, मागून प्रकाश टाकायचा, समोरून छायाचित्र घ्यायचे आणि कडेला स्पर्शरेषा काढायची. मोठा थेंब स्वतःच्या भाराने चपटा होतो म्हणून त्याचा कोनही कमी होत असेल, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः चपटेपणा माथ्याला येतो, कडेचा कोन तोच राहतो. याहून खोल रुजलेला गैरसमज असा की प्रत्येक जोडीला एकच एक कोन असतो. पावसात खिडकीच्या काचेवरून ओघळता ओघळता थबकलेला थेंब जवळून पाहावा: खालची कड फुगीर, वरची कड निमुळती, पाणी तेच, काच तीच, आणि कोन दोन. सुईने थेंबात पाणी भरत गेल्यास कड पुढे सरकताना मोठा कोन मिळतो. तेच पाणी हळूहळू शोषून घेतल्यास कड आधी जागच्या जागी अडून बसते, कोन घटत जातो, आणि मग ती मागे हटते. या दोन कोनांतील अंतरावरच थेंब घरंगळणार की चिकटणार हे ठरते. काही गुलाबांच्या पाकळ्यांवर थेंब जवळजवळ गोल राहतो, तरी पाकळी उलटी धरली असता तो पडत नाही! म्हणून एकच आकडा देणारा अहवाल माझ्या मते अपुरा दस्तऐवज होय. पुढे जातानाचा आणि मागे हटतानाचा असे दोन्ही कोन त्यात नोंदलेले असावेत.

आणि नोंदीत पृष्ठभाग कसा स्वच्छ केला याचा तपशील हवाच. निर्मळ काचेवर पाणी जवळजवळ शून्य अंशाने पसरते. तीच काच काही तास उघड्या हवेत राहिली, की न दिसणारी वाफाळ घाण तिच्यावर बसून कोन वाढू लागतो. आमच्या गल्लीत येणारा कल्हईवाला हेच जाणून असे. तापलेल्या पितळी पातेल्यात तो नवसागराची चिमूट टाकी, तेव्हा तो 'चिकटवण्याचा मसाला' आहे असे आम्हा मुलांना वाटे. पण नवसागर चिकटवीत काहीच नाही, तो धातूवरची गंजाची पुटे तेवढी काढून टाकतो. त्या पुटांवर वितळलेले कथील गोळीसारखे गडगडत राही, आणि पांढरा धूर उठून कापसाचा बोळा फिरला, की तीच गोळी क्षणात सपाट होऊन पातेल्याच्या काठापर्यंत रुपेरी पसरत जाई.