सुई कुणाच्या हातात

निराधार मुलीबाळींसाठी काही करायचे म्हटले, की महाराष्ट्रात पहिल्यांदा आश्रम आठवतो. त्यामागे मोठी परंपरा आहे. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, 1889 मध्ये मुंबईत पंडिता रमाबाईंचे शारदा सदन सुरू झाले, 1896 मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापला. या घरांच्या भिंतींनी असंख्य बायकामुलींना जगवले आणि अशा भिंतींची गरज आजही संपलेली नाही. पण 1986 पासून गडचिरोली जिल्ह्यात काम करणाऱ्या 'सर्च' या संस्थेने दुसरी वाट धरली. तिने बाईला गावातून उचलून सुरक्षित जागी नेले नाही. ती जिथे राहते, राबते, बाळंत होते, तिथेच तिच्या हातात विद्या दिली, आणि नुसती विद्या नव्हे, तर जीव वाचवण्याची जबाबदारीही दिली. वंचित स्त्रीला बळ देणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत खणखणीत उत्तर या जंगलजिल्ह्यात मिळालेले आहे. बळ द्यायचे तर ज्या कामात चूक झाली असता जीव जाईल असे काम तिच्यावर सोपवायचे, आणि ते नीट करता येईल इतके शिकवायचे.

'सर्च' स्थापणाऱ्या दांपत्यातल्या डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. त्या आणि डॉ. अभय बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि त्यांनी गडचिरोली निवडले. सुरुवातीचे काम चालले ते तेंदूपत्ता साठवण्याच्या एका जुन्या गोदामात. पुढे धानोरा रस्त्यावर शोधग्राम उभे राहिले. तिथला दवाखाना कसा असावा हे लोकांना विचारले, तेव्हा मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते असे त्यांनी सांगितले. म्हणून झोपड्यांच्या वस्तीसारखा दवाखाना बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. आधी विचारायचे, मग करायचे, ही या संस्थेची रीत. बायकांच्या बाबतीत याच रीतीतून जे समोर आले, त्यामुळे जगभरच्या तज्ज्ञांना आपली समजूत तपासून घ्यावी लागली. दोन गावांतल्या 650 स्त्रियांची आणि मुलींची तपासणी झाली. त्यांतल्या 92 टक्के जणींना स्त्रीरोग होता, एकेकीला सरासरी तीनाहून अधिक विकार होते, आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम 8 टक्के. हा अभ्यास 1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तोवर सरकारी आरोग्यसेवेच्या लेखी खेड्यातली बाई म्हणजे गरोदर बाई किंवा नसबंदीची 'केस'. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, कंबर धरणे ही दुखणी बायका एकमेकींशी कुजबुजत होत्या, पण ती ऐकायला कुणी बसलेच नव्हते. या बायकांना मुकी म्हणणे चूक ठरेल. त्यांच्या बोलण्याची कुठे नोंद होत नव्हती, एवढेच.

ऐकून घेण्याच्या पुढची पायरी अवघड. बालमृत्यूंचे मोठे कारण न्यूमोनिया होते आणि औषध स्वस्त होते. डॉक्टर मात्र पायी जाण्याच्या अंतरात नव्हता. गावात होती ती दाई. श्वास मोजला की न्यूमोनिया ओळखता येतो: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाचा पन्नास किंवा त्याहून जास्त असेल तर धोका. पण अक्षरशत्रू दाईला बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. इथे बहुतेक प्रकल्प थांबले असते आणि 'अशिक्षितपणा' हे कारण अहवालात लिहून मोकळे झाले असते. 'सर्च'ने दाईची अडचण ही यंत्राची अडचण मानली. एक छोटे साधन तयार केले: एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी तान्ह्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. दाईने दहापर्यंत श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा, पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. लहान बाळाच्या ओळीत पाच हिरवे मणी आणि सहावा लाल, मोठ्याच्या ओळीत चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया. दाईला येत असलेल्या आकड्यांतच तिला निदान करता आले. माझ्या मते या साधनाचे मोल पैशांत मोजता येणार नाही. शिक्षण नसणे आणि बुद्धी नसणे या दोन गोष्टींची आपण जी गल्लत करतो, ती या मण्यांनी उघडी पाडली.

तरीही मुलांचे मृत्यू हवे तितके कमी होईनात, कारण दगावणाऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिक बाळे पहिल्या महिन्यातच जात होती. बाळंतपणे घरी होत आणि आजारी तान्ह्याला दवाखान्यात न्यायला घरचे तयार नसत. मग दवाखानाच घरी न्यायचा असे ठरले. 39 गावांत पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायका निवडल्या गेल्या. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी आणि मास्कने श्वास देणे, काट्याला झोळी अडकवून वजन करणे, बाळ उबेत ठेवायला शिकवणे आणि जंतुसंसर्ग दिसला तर घरच्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, हे सगळे त्या शिकल्या. 1995 ते 1998 या तीन वर्षांत तिथला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25 वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या 47 गावांत तो जवळजवळ होता तिथेच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर उतरले.

यावरचे आक्षेप गंभीर आहेत. पहिला सुरक्षिततेचा: दहावीही न झालेल्या बाईने तान्ह्याला सुई टोचायची? त्याचे उत्तर वरच्या आकड्यांत आहे. शिवाय त्या बाळापुढे डॉक्टर की आरोग्यदूत अशी निवड नव्हतीच; आरोग्यदूत किंवा कुणीच नाही, अशी होती. दुसरा आक्षेप असा, की हे यश एका ध्येयवेड्या दांपत्याचे आहे, दुसरीकडे ते उगवणार नाही. महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी 'अंकुर' प्रकल्पात हीच पद्धत आपापल्या गावांत आणि वस्त्यांत राबवली, तिथेही नवजात मृत्यू निम्म्यावर आले. तिसरा आक्षेप मला सर्वांत टोचतो. गरिबांसाठी बिनडिग्रीची सेवा आणि ती देणारी बाईही गरीब, म्हणजे दोघींच्या गरिबीवर व्यवस्थेने केलेली काटकसर तर नव्हे? हा आक्षेप मी खोडून काढणार नाही. कुशल काम करणाऱ्या बाईला नुसत्या मानधनावर राबवणे हे शोषणच आहे. 2023-24 मध्ये राज्यातल्या 'आशा' आरोग्यसेविकांना योग्य मोबदल्यासाठी दीर्घ संप करावा लागला, आणि त्यांची मागणी रास्त होती. पण यातून निघणारा निष्कर्ष बाईच्या हातातले काम काढून घ्या असा नाही. तिच्या कौशल्याचा पूर्ण मोबदला द्या, असा आहे.

हातात काम आलेली बाई पुढे आपल्या मागण्याही स्वतः ठरवते, याचाही दाखला याच भागात आहे. गडचिरोलीत लोकांच्या, विशेषतः बायकांच्या रेट्यामुळे 1993 मध्ये दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरात 2010 साली 'श्रमिक एल्गार' संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्यासोबत बाया दारूबंदीच्या मागणीसाठी चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी गेल्या. 2015 मध्ये तिथे बंदी आली आणि 2021 मध्ये सरकारने ती उठवली. बंदीने दारू संपते का, यावर वाद होऊ शकतो. पण नवऱ्याची मजुरी कुठे जाते हे सर्वांत जवळून पाहणाऱ्या बायकांचे मत निर्णय फिरवताना किती जोखले गेले, हा प्रश्न तिथल्या बाया विचारत आहेत आणि तो विचारण्याचा हक्क त्यांनी पायी चालून मिळवलेला आहे.

भारत सरकारने 2011 मध्ये नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर लागू केला आणि गावोगावच्या आशांकडे सोपवला. बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी बाळंतपण झाले असेल तर सात. थर्मामीटर आले, वजनकाटा आला, भेटींचा तक्ता आला. गडचिरोलीच्या बायकांनी ज्याच्या जोरावर जंतुसंसर्गाशी झुंज दिली ते इंजेक्शन मात्र आशाच्या पिशवीत आले नाही. दवाखाना जवळ असेल तिथे त्याची गरज नाही, हे खरे. पण पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातल्या गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो, आणि तापाने फणफणलेले दहा दिवसांचे बाळ पाणी ओसरेपर्यंत थांबू शकत नाही. निदान अशा गावांपुरते तरी आशांना ते शिक्षण द्यावे, त्याचा योग्य मोबदला द्यावा आणि सुई त्यांच्या हातात द्यावी. ती त्यांना पेलते हे 39 गावांतल्या बायकांनी पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.