विश्लेषण : बोलिव्हियाची चांदी चौल बंदरात कशी पोहोचली?

कडावहून कर्जतमार्गे खोपोली गाठली की बोरघाट समोर येतो. आज तिथे ट्रकची रांग असते. चारशे वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांचा माल लादणीच्या बैलांवरून अशाच घाटवाटांनी देशावर चढे. त्या व्यापारात फिरणाऱ्या चांदीचा मोठा भाग आला होता स्पेनच्या अमेरिकी वसाहतींतून.

ही चांदी कुठली?

१५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियात पोटोसीच्या डोंगरात चांदी सापडली. १५७३ पासून आसपासच्या गावांवर खाणीत वेठीला माणसे पाठवण्याची सक्ती झाली. ‘मिता’ नावाची ही पद्धत १८१२ पर्यंत टिकली. तिथल्या टांकसाळीत पडणारे आठ रियालचे नाणे सुमारे २७ ग्रॅमचे, म्हणजे दोन मोगली रुपयांहून जड.

भारतापर्यंत कशी आली?

एक वाट पनामामार्गे सेव्हिल, मग लिस्बन आणि आफ्रिकेला वळसा घालून गोवा, चौल. चौलला १५२१ पासून पोर्तुगीजांचे ठाणे होते. १५८० ते १६४० स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, तरी दोघांचा व्यापार वेगळाच ठेवला गेला. युरोपकडे इथे खपेल असा माल फारसा नव्हता. मिरी, नीळ, कापड घ्यायचे तर रोख चांदीच मोजावी लागे.

दुसरी वाट अकापुल्को ते मनिला. ती १५६५ ते १८१५ चालली. मनिलात इतर युरोपीयांना मज्जाव. मग मद्रासचे इंग्रज काय करत? आर्मेनियन किंवा हिंदी व्यापाऱ्यांच्या नावावर जहाज पाठवत! तिसरी वाट तर गुजराती व्यापाऱ्यांचीच होती. ते तांबड्या समुद्रातल्या मोखा बंदरात कापड विकून रियाल आणत.

मग रियाल गेले कुठे?

बहुतेक वितळले. परकी चांदी टांकसाळीत द्यायची, घडणावळ मोजायची आणि रुपये घ्यायचे, अशी मोगली मुलखात सोय होती. कोकणात चांदीची तार दुमडून केलेली ‘लारी’ चाले. दुसऱ्या अली आदिलशहानेही ती पाडली. नाण्यावर राजा कोण, यापेक्षा सराफाच्या काट्यावर वजन किती भरते, हे महत्त्वाचे.

१६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत, अशी त्याची एक मागणी होती. शिवरायांचे उत्तर व्यवहारी होते : कोणत्याही नाण्याला आमची बंदी नाही, मात्र ज्यात तोटा होईल ते नाणे घ्या, अशी सक्ती रयतेवर करता येणार नाही.