गच्चीवरचा टायगर

शनिवारची रात्र. अख्खं पुणं एफसी रोडवर, आणि मी हॉलमध्ये मांडी ठोकून बसलेली. हातात स्क्रू ड्रायव्हर, समोर अर्ध्या मीटरचा जर्मन रणगाडा! हसू नका मंडळी. रिमोटवरच्या टँकचा किडा एकदा चावला की मूव्ही, मॉल, सगळं विसरायला होतं.

खरं तर हा टायगर माझा नाहीच. कॉलेजमधला एक मित्र ऑनसाइटला गेला आणि जाताना तो माझ्या हवाली करून गेला. ‘बिनधास्त चालव गं, फक्त मी येईन तेव्हा चालू असू दे,’ एवढीच अट. हेंग लाँग या चिनी कंपनीचं हे १:१६ स्केलचं मॉडेल, म्हणजे खऱ्या रणगाड्याच्या सोळावा हिस्सा. टरेट फिरतो, इंजिनाचा आवाज येतो, मागून धूर निघतो. इन्फ्रारेडवर दोन टँकची लढाईसुद्धा लावता येते. समोरच्याचा नेम बसला की आपला टँक हादरतो, मार वाढत गेला की मंदावतो आणि शेवटी बंद पडतो. एकदम सॉलिड!

पाचव्या मिनिटाला कर्रर्र...

रविवारी गच्चीवर मॅच ठरली होती. माझा टायगर विरुद्ध दुसऱ्या एका मित्राचा रशियन टी-३४. म्हटलं, आपला गडी जरा भारदस्त दिसला पाहिजे. मग काय, आदल्या रात्री प्लॅस्टिकचे पट्टे काढले आणि धातूचे चढवले. फरशीवर असा काही खणखणाट, की आईने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘अगं, मिक्सर पडला का?’

मॅच सुरू झाली. पाचव्या मिनिटाला वळण घेताना आतून ‘कर्रर्र’ आवाज आला. डावा पट्टा थांबला, उजवा चालूच. माझा टायगर जागच्या जागी भोवऱ्यासारखा गरागरा फिरत राहिला आणि टी-३४ने त्याला निवांत टिपला. घरी येऊन उघडलं, तर गिअरबॉक्समधल्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दाते पार झिजून गेलेले. नव्या गिअरबॉक्सच्या जोडीत माझ्या एका लेखाचं मानधन गेलं. आणि फ्रीलान्सरचा चेक कधी येतो, हे काय सांगायला हवं?

अपग्रेडचा फंडा

चूक काय झाली? या टँकमध्ये दोन्ही पट्ट्यांना स्वतंत्र मोटर आणि गिअरबॉक्स असतो. वळताना एक बाजू जोर लावते आणि दुसरी अडते. त्यामुळे वळणावर, विशेषतः जागच्या जागी फिरताना, गिअरवर सगळ्यात जास्त ताण येतो. पट्टे जड केले की तो ताण कमी होत नाही, पुढच्या कमकुवत भागावर जाऊन आदळतो. म्हणून सुरुवात आतून करायची, बाहेरून नाही.

आधी स्टीलच्या गिअरचा गिअरबॉक्स, शक्य असेल तर बेअरिंगवाला. मग पट्टा ओढणारं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, आणि त्याच्या समोरच्या टोकाचं आयडलर चाक धातूचं. धातूचा पट्टा प्लॅस्टिकच्या स्प्रॉकेटवर चालवला की दाते कातरलेच म्हणून समजा. पट्टे सगळ्यात शेवटी! जुना २७ मेगाहर्ट्‌झचा सेट असेल तर २.४ गिगाहर्ट्‌झचा बोर्ड आणि रिमोट टाका. एकाच गच्चीवर दोन टँक चालवताना सिग्नलची भानगड राहत नाही. कनेक्टर, फ्यूज, सोल्डरिंगचं सामान पुण्यात पासोड्या विठोबाजवळ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं.

फक्त दहा मिनिटं

पण खरी गंमत आहे ती देखभालीत. चालवून झालं की एवढं कराच :

• पट्ट्यांवर कोरडा ब्रश मारा. टायगरची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, त्यात खडे अडकतात.
• आसांवर गुंडाळलेले केस आणि धागे चिमट्याने काढा. गालिच्यावर चालवूच नका.
• पट्टा सायकलच्या चेनसारखा तपासा. फार ताणलेला असेल तर मोटर दमते, फार सैल असेल तर वळताना उतरतो. बाहेर आलेली पिन आत ठोका.
• ग्रीस गिअरला, तेही बेताने. पट्ट्याला लावलं तर धूळ चिकटून त्याचा पॉलिश पेपरच होतो.
• धातूतल्या स्क्रूला थ्रेडलॉकचा थेंब चालतो. प्लॅस्टिकवर नको, तडे जातात.
• धुराच्या टाकीतलं तेल संपलं असेल तर धूर बंद ठेवा, नाहीतर आतला हीटर जळतो.

बॅटरीशी मस्ती नको

आता थोडं सीरियस. आजकाल या टँकमध्ये ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी येते. तिला तिचाच चार्जर हवा. पूर्ण चार्ज म्हणजे ८.४ व्होल्ट, आणि ६ व्होल्टच्या खाली उतरू द्यायची नाही. फुगलेली, दबलेली किंवा तापणारी बॅटरी सरळ बाद करा. रात्री चार्जिंगला लावून झोपण्याचा आळशीपणा मीही केलाय. एकदा पहाटे हात लावला तर बॅटरी चांगलीच गरम लागली, आणि शेजारच्या खोलीत आई-बाबा गाढ झोपलेले. त्या दिवसापासून नियम केलाय : चार्जिंग जागेपणी, फरशीवर, पडद्यांपासून लांब आणि डोळ्यांसमोर.

मोठ्या टायगरचं दुखणं

गंमत म्हणजे खऱ्या टायगरलाही हेच नडलं. ५७ टनांचं धूड, जाड चिलखत, ८८ मिलिमीटरची तोफ. १९४२मध्ये तो युद्धात उतरला तेव्हा समोरच्यांना धडकी भरायची. पण त्याची देखभाल म्हणजे महाकर्मकठीण. रशियातल्या थंडीत चाकांमध्ये चिखल गोठायचा. कितीतरी टायगर बंद पडले किंवा इंधन संपलं म्हणून त्यांच्याच सैनिकांनी उडवून दिले. याउलट, १९४३मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला ‘टायगर १३१’ इंग्लंडच्या बोव्हिंग्टन संग्रहालयाने इतक्या निगुतीने राखलाय, की तो आजही चालतो. खरे रणगाडे जवळून बघायचे असतील तर वीकएण्डला अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा. त्या पट्ट्यांची एकेक कडी पाहिली की आपल्या मॉडेलकडे बघायची नजरच बदलते.

मित्र डिसेंबरमध्ये सुट्टीवर येतोय. टायगर चालू आहे, आणि त्याच्या पोटात आता स्टीलचे गिअर आहेत, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याआधी टी-३४शी एक हिशेब चुकता करायचाय, याच रविवारी. फक्त यावेळी शनिवारी रात्री मी नवीन काहीही बसवणार नाही. ब्रश मारणार, पिना तपासणार आणि झोपणार!