जादोरमधली फळं आणि जाहिरातीतली बाई

परफ्यूमच्या काउंटरवर वासाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, बोलतात ते बाईबद्दल. ‘हे खेळकर मुलींसाठी’, ‘हे ऑफिसात मीटिंग घेणाऱ्या बाईसाठी’, ‘हे जरा रोमँटिक’. फुलं आणि फळं यांचा मेळ घातलेल्या, फ्लोरल फ्रुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या परफ्यूमच्या वाट्याला तर ‘प्रसन्न, तरुण, मनमोकळी’ ही विशेषणं ठरलेलीच. हा स्वभाव नेमका कुठून येतो हे शोधायचं, तर आधी बाटलीत काय असतं ते बघायला हवं.

डिओरचं जादोर घेऊ. 1999 साली आलेलं हे परफ्यूम कॅलिस बेकर यांनी रचलं. ड्यूटी फ्री दुकानात ती सोनेरी मानेची बाटली आजही हटकून दिसते. त्याच्या वर्णनात पेअर, खरबूज, पीच, मग चमेली, गुलाब, निशिगंध आणि शेवटी मस्क अशी नावं येतात. यादी वाचून वाटावं, की कुणी मंडईतून पिशवीभर फळं आणून त्यांचा अर्क काढला. तसं काही होत नाही.

संत्रं, लिंबू, बर्गमॉट यांच्या सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल दाबली की सुगंधी तेल सुटतं. पेअर, पीच, सफरचंद यांतून असं वापरण्याजोगं तेल निघत नाही आणि गर उकळला तर जॅमचा वास येतो. त्यामुळे परफ्यूममधलं फळ बहुतेक वेळा प्रयोगशाळेतच बांधलेलं असतं. पेअरचा रसरशीतपणा आणायला हेक्झिल ॲसिटेट, रास्पबेरीला रास्पबेरी कीटोन आणि पीचला गॅमा-अनडेकॅलॅक्टोन. या शेवटच्याला धंद्यात अजूनही ‘आल्डिहाइड सी-14’ म्हणतात. ते आल्डिहाइड नाही, लॅक्टोन आहे, आणि त्यात कार्बनचे अणूही चौदा नाहीत, अकरा आहेत. जुनं नाव चिकटलं ते चिकटलं.

लॅक्टोन हे कुटुंब आपल्या नाकाला अनोळखी नाही. ओल्या नारळाचा वास वाटावा असा एक लॅक्टोन आहे, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूस पिकताना त्यात काय बदलतं याचा अभ्यास केला, तेव्हा फळ पिकेल तसे लॅक्टोन वाढत गेलेले आढळले. अढी उघडल्यावर येणाऱ्या त्या दाट, सायीसारख्या गोडव्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

फुलांची गोष्ट वेगळी. चमेली आणि मोगऱ्याचा खरा अर्क निघतो आणि परफ्यूमच्या जागतिक धंद्याला तो तमिळनाडूतून मोठ्या प्रमाणावर जातो. ही फुलं नाजूक, वाफेवर धरली तर वास बिघडतो; म्हणून ती हेक्सेनसारख्या द्रावकात भिजवून अर्क काढतात. त्या अर्काचं पृथक्करण केलं तर मजेशीर पदार्थ सापडतात. एक बेन्झिल ॲसिटेट, ज्याला स्वतःलाच केळ्याकडे झुकणारा फळांचा वास असतो. दुसरा इंडोल, जो शुद्ध स्वरूपात घाण वाटतो, मैल्यातही असतो, आणि तरीही तो वगळला तर चमेली साबणासारखी सपाट होते.

फुलं आणि फळं एकमेकांत मिसळतात ती इथे. गुलाबाच्या तेलात अत्यल्प प्रमाणात सापडणारं डॅमॅसेनोन गुलाबाइतकंच शिजवलेल्या सफरचंदाची आणि आलुबुखारची आठवण करून देतं. चीनमधल्या ऑस्मँथसच्या फुलात तर पीचचाच एक लॅक्टोन असतो. आपला हिरवा चाफा झाडावर असतानाच पिकल्या फळासारखा घमघमतो. म्हणजे रचनाकार फुलाला फळ बाहेरून चिकटवत नाही. फुलात आधीच असलेलं फळ तो थोडं वर आणतो. हे जमलं की जादोरसारखं परफ्यूम होतं, आणि जमलं नाही की फुलं एकीकडे, सरबत एकीकडे. स्वस्त बाटल्यांत हा दुभंग पहिल्या फवाऱ्यातच कळतो.

आता मनगटावर फवारा मारला, की आधी अल्कोहोल उडतं. मग हलके रेणू निघतात: बर्गमॉट, पेअर, खरबूज. पाव-अर्ध्या तासात त्यांचा भर ओसरतो. त्यानंतरचे दोन-चार तास फुलांचे. संध्याकाळी कातडीलगत उरतात जड रेणू, मुख्यतः मस्क. पीचचा लॅक्टोन मात्र फळ असूनही लवकर जात नाही. तो फुलांच्या सोबतीने रेंगाळतो आणि वासाला मऊपणा देतो. काउंटरवर पाच मिनिटं हुंगून बाटली घेणारीला यातलं फक्त पेअर भेटलेलं असतं.

मग स्वभाव कुठे आहे? रसायनात तरी नाही. गेर्लँचं मित्सुको पाहा. 1919 साली जाक गेर्लँ यांनी ते रचलं, त्यात हाच पीचचा लॅक्टोन आहे. पण त्याखाली ओकच्या झाडावरचं दगडफूल आहे, म्हणून ते गंभीर, प्रौढ, काहीसं दुरावा ठेवणारं मानलं जातं. तेच पीच साखरेच्या आणि स्वच्छ मस्कच्या सोबतीला आलं, की ‘कॉलेजकन्या’ होतं. हेडिऑन हा चमेलीची हवेशीर झुळूक देणारा रेणू आज स्त्रियांच्या असंख्य परफ्यूममध्ये आहे, पण गाजला तो 1966 सालच्या ‘ओ सोव्हाज’ या पुरुषांच्या परफ्यूममुळे.

उरलेलं काम बाटली आणि जाहिरात करते. जादोरच्या मानेवरची सोनेरी कडी जॉन गॅलियानोंनी डिओरसाठी केलेल्या मसाई धर्तीच्या गळ्यातल्या दागिन्यांशी नातं सांगतात. 2004 पासून चार्लीझ थेरॉन या परफ्यूमचा चेहरा होती. 2011 च्या जाहिरातीत ती व्हर्सायच्या आरसे-महालातून सोनेरी पोशाखात चालत गेली. 2024 मध्ये तिच्या जागी रिहाना आली. दोन बायकांच्या स्वभावात साम्य काय शोधायचं? डीकेएनवायच्या ‘बी डिलिशस’ने 2004 मध्ये बाटलीच सफरचंदाच्या आकाराची केली आणि फळ म्हणजे तरुणपणा हे समीकरण आणखी पक्कं झालं. माझ्या मते हे समीकरण निव्वळ सवयीचं आहे.

तरीही निवड अगदीच योगायोगाची नसावी. मिलिन्स्की आणि वेडेकिंड यांनी 2001 मध्ये दाखवलं, की स्वतःसाठी कोणता वास आवडतो याचा संबंध रोगप्रतिकाराशी निगडित काही जनुकांशी दिसतो. चेक संशोधकांच्या 2012 च्या अभ्यासात, माणसाने स्वतः निवडलेलं परफ्यूम त्याच्या अंगगंधात मिसळलं तेव्हा ते इतरांना, लादलेल्या परफ्यूमपेक्षा जास्त सुखद वाटलं. म्हणजे नाक निवडतं ते आपल्या कातडीला साजेसं. ‘मनमोकळी’ की ‘रहस्यमय’, हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून विकत घेताना कागदी पट्टीवर भिस्त ठेवू नका. एकच परफ्यूम मनगटावर लावा आणि दुकानातून बाहेर पडा. मनगटं एकमेकांवर घासू नका. रेणू ‘मोडत’ वगैरे नाहीत, पण उष्णतेने वरचा थर लवकर उडतो. तासाभराने आपल्याला वास येईनासा झाला तर आणखी फवारे मारू नका: आपलं नाक सरावलेलं असतं, शेजारच्याचं नाही. बाटली बाथरूमच्या उन्हाच्या खिडकीत ठेवण्यापेक्षा कपाटात ठेवा. आणि संध्याकाळी जो वास मनगटावर उरेल तो आवडला, तरच पैसे मोजा.